काळा पाषाण आणि ग्रॅनाइट : एकाच आगीची दोन लेकरं

दगड या शब्दाला आपल्या बोलण्यात मान नाही. पोरगं अभ्यासात मागे पडलं की ‘डोक्यात दगड भरलेत का?’ असं आपण विचारतो. माणूस कठोर वागला की त्याच्या काळजाला दगड म्हणतो. पण ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडला, डोक्यावरून वाहिला, विहिरी खोदल्या, रस्त्यावर खडी अंथरली, त्या घरांना या दगडाची विद्या कुणी शिकवली नाही. घाम आपला आणि पुस्तक दुसऱ्याचं, असाच हा व्यवहार चालत आला. म्हणून या अंकात आम्ही दगडावरच लिहायचं ठरवलं आहे.

दौंडकरांना तर हा विषय घरचाच आहे. रेल्वेच्या जुन्या इंग्रजी कागदांत आपल्या गावाचं नाव अशा स्पेलिंगने लिहिलेलं असे की ते ‘धोंड’ असं वाचलं जावं. धोंड म्हणजे मोठा दगड. गावाचं नाव त्यावरूनच पडलं, असं आमचं म्हणणं नाही. मात्र इथे रेल्वे आली, 1878 साली मनमाडकडे जाणारा फाटा निघाला आणि दौंड जंक्शन झालं, ते सगळं खडीच्या थरावरच उभं राहिलं, यात शंका नाही.

आज बाजारात दोन दगडांची नावं सारखी कानावर येतात. एक आपला काळा पाषाण, ज्याला शास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात. दुसरा ग्रॅनाइट. दोन्ही अग्निजन्य, म्हणजे पृथ्वीच्या पोटातला वितळलेला रस थंड होऊन झालेले. मग एक काळा आणि दुसरा ठिपक्याठिपक्यांचा का? एक खडीच्या ढिगाऱ्यात आणि दुसरा शोरूमच्या काचेमागे का? आणि आपल्या घराच्या, विहिरीच्या, छातीच्या दृष्टीने दोघांत फरक काय?

पाक एक, वड्या दोन

आमच्या भगिनींना हे चटकन कळेल. साखरेचा पाक दोरा सोडून सावकाश, दिवस दिवस थंड होऊ दिला की खडीसाखरेचे मोठमोठे स्फटिक तयार होतात. काहिलीतला रस मात्र आटवून लगेच ओतला की त्याचा गूळ होतो. त्यात दाणा असतो, पण डोळ्याला नीट दिसत नाही. ज्या तालुक्यात गुऱ्हाळं आहेत तिथे हे कुणाला सांगायला नको.

ग्रॅनाइट ही खडीसाखर आहे. त्याचा शिलारस जमिनीच्या वर आलाच नाही. कित्येक किलोमीटर खोलीवर, वरच्या खडकांच्या पांघरुणाखाली तो लाखो वर्षं हळूहळू निवत राहिला. म्हणून त्याचे दाणे मोठे झाले. काचेसारखा चमकणारा दाणा गारेचा, म्हणजे क्वार्ट्‌झचा. पांढरा किंवा गुलाबी दाणा फेल्स्पारचा. काळा, चकचकीत पापुद्रा अभ्रकाचा. पुढे वरचं पांघरूण झिजून गेलं आणि ग्रॅनाइट उघडा पडला.

बेसाल्ट हा गूळ. त्याचा रस जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वर आला, पुरासारखा पसरला आणि हवा लागताच लवकर गोठला. दाणे वाढायला वेळच मिळाला नाही. शिवाय या रसात सिलिका कमी आणि लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम जास्त. बेसाल्टमध्ये सिलिका साधारण 45 ते 52 टक्के, तर ग्रॅनाइटमध्ये 70 टक्क्यांच्या आसपास. सिलिका कमी असल्यामुळे बेसाल्टचा रस पातळ असतो आणि दूरवर वाहतो. लोहामुळे दगड काळा आणि वजनाला भारी होतो.

रसात वायूचे बुडबुडेही असतात. गरम तव्यावर धिरडं टाकलं की वरच्या बाजूला जाळी पडते, तसं लाव्ह्याच्या प्रत्येक थराच्या माथ्याशी जाळी पडते. खालचा भाग घट्ट राहतो. हा घट्ट आणि जाळीदार भागांचा फरक लक्षात ठेवा. पुढे विहिरीशी त्याचा संबंध येणार आहे.

आपल्या पायाखाली दोघेही आहेत

महाराष्ट्राचा फार मोठा भाग बेसाल्टने झाकलेला आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे लोटावर लोट आले आणि थरावर थर चढत गेले. आज उरलेलं क्षेत्रच सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भरतं. याला भूशास्त्रात ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. ट्रॅप हा शब्द जिन्याच्या पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला. सह्याद्रीच्या डोंगरांना ज्या पायऱ्या-पायऱ्या दिसतात, त्या याच थरांच्या. पृथ्वीवरून डायनोसॉर नाहीसे झाले तो काळही हाच. त्यात या लाव्ह्याचा वाटा किती आणि बाहेरून आदळलेल्या अशनीचा किती, यावर शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे.

मग ग्रॅनाइट कुठे? तो आणि त्याचे भाऊबंद खडक या काळ्या चादरीच्या खाली आहेत. हे केवळ अनुमान नाही. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीला भूकंप झाला. त्यानंतर तिथे शास्त्रज्ञांनी खोल छिद्र घेतलं. सुमारे 338 मीटर बेसाल्ट संपल्यावर गाळाच्या खडकाचा पातळ थर लागला आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या कुळातला प्राचीन खडक मिळाला. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाने हादरलेल्या कोयना परिसरातही पुढे अशीच छिद्रं घेण्यात आली. तिथल्या एका छिद्रात सुमारे 930 मीटर बेसाल्ट ओलांडल्यावर खालचा खडक लागला. हा खालचा खडक अडीचशे कोटी वर्षांच्या घरातला, म्हणजे बेसाल्ट त्याच्यापुढे कालचं पोर.

महाराष्ट्रात ही चादर जिथे संपते तिथे ग्रॅनाइट वर दिसतो. नांदेड जिल्ह्यात देगलूरकडे तो उघडा आहे. पूर्व विदर्भातही त्याच्या जातीचे जुने खडक आहेत.

दोन बाजूंची खतावणी

आम्ही हिशेबाच्या वहीत वाढलेली माणसं. म्हणून दोघांची नोंद समोरासमोर मांडतो.

रंग : बेसाल्ट बहुधा काळा किंवा करडा. ग्रॅनाइट पांढरा, करडा, गुलाबी, ठिपकेदार. पण रंगावर एकदम भिस्त ठेवू नये. मुंबईचं गेटवे ऑफ इंडिया 1924 साली पूर्ण झालं, त्याचा दगड पिवळसर आहे आणि तोही बेसाल्टच.

दाणा : बेसाल्टचा दाणा भिंगाशिवाय दिसत नाही. ग्रॅनाइटचा नुसत्या डोळ्यांनी मोजता येतो.

वजन : एक घनमीटर घट्ट बेसाल्ट साधारण 2.8 ते 3 टन. तेवढाच ग्रॅनाइट 2.6 ते 2.7 टन. डोक्यावर पाटी घेणाऱ्या बाईला हा फरक मानेत कळतो.

गार : ग्रॅनाइटमध्ये भरपूर. बेसाल्टच्या मूळ दगडात नाही किंवा अगदी थोडी.

माती : बेसाल्ट कुजून काळी, चिकट, पाणी धरून ठेवणारी जमीन होते. ग्रॅनाइटची माती बहुधा वाळूसर, निचऱ्याची, लालसर आणि हलकी असते.

भीमेच्या काठचा ऊस ज्या काळ्या मातीत उभा आहे, ती या लाव्ह्याचीच देणगी. मात्र तीच माती घर बांधणाऱ्याला दगा देते. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीला तडे जातात. घरकुलाचं किंवा स्वतःचं बांधकाम काढणाऱ्यांनी पाया काळ्या मातीवर न ठेवता खाली मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेलाच पाहिजे. पायात वाचवलेले पैसे पुढे गिलाव्यात जातात.

विहिरीचा दगड, पाणाड्याचा नारळ

दौंड आणि शिरूर तालुक्यांत कालव्यापासून, नदीपासून लांब राहणाऱ्या कुटुंबांना बोअर घ्यावं लागतं. कर्ज काढून, दागिना मोडून बोअर घेतात आणि जागा कोण दाखवतो? नारळ तळहातावर घेऊन फिरणारा पाणाड्या. नारळ उभा राहिला की मशीन बोलवायचं. पाणी लागलं तर पाणाड्याचं नाव, नाही लागलं तर आपलं नशीब! या हिशेबात पाणाड्याच्या नावे कधीच काही पडत नाही, हे आमच्या बांधवांनी पाहावं.

खडकाचं गणित याहून सरळ आहे. घट्ट काळ्या कातळाच्या अंगात पाणी मुरत नाही. त्याला भेगा असतील तर त्या भेगांतच पाणी. जाळीदार, कुजका भाग, ज्याला आपले विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात, तो आणि वरचा मुरूम पाणी साठवतात. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या गेरूसारखा पट्टा लागतो. एक लाव्हा निवल्यानंतर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्याची ती खूण. बेसाल्टच्या मुलखात म्हणजे पाणी मजल्यामजल्यांनी असतं. ग्रॅनाइटच्या मुलखात असे मजले नसतात. तिथे वरचा कुजलेला थर आणि त्याखालच्या भेगा, एवढाच भरवसा.

याचा अर्थ असा की कातळात खोल खोल जाऊन पाणी हमखास वाढेल, ही समजूत चुकीची आहे. दोनशे फुटांवर कोरडा कातळ असेल तर चारशे फुटांवर फक्त बिल दुप्पट होऊ शकतं. आजूबाजूच्या विहिरींत कोणता थर किती फुटांवर लागला, याची नोंद वहीत ठेवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला घ्या. आणि जे पाणी उपसतो ते पावसाळ्यात मुरवण्याची सोयही करा. मांजऱ्या हा खडकाचा रांजण आहे. भरलाच नाही तर निघणार काय?

ओटा, पायरी आणि दुकानदाराची भाषा

आता घराकडे येऊ. नव्या घराचा स्वयंपाकाचा ओटा असो की वर्गणी काढून बांधलेल्या विहाराची पायरी असो, ‘ग्रॅनाइटच बसवायचा’ असा आग्रह असतो. ग्रॅनाइट वाईट नाही. त्याला आरशासारखी चकाकी येते, तो सहजी झिजत नाही, लिंबू-चिंचेने डागाळत नाही.

पण दुकानात काळाभोर ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ म्हणून जो मिळतो, तो शास्त्राच्या हिशेबाने बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतो. तो डोलेराइट किंवा गॅब्रो नावाचा दगड असतो, म्हणजे बेसाल्टचाच सख्खा भाऊ. रस तोच, फक्त जमिनीखाली जरा सावकाश निवलेला. ज्या काळ्या दगडाला आपण गावंढळ म्हणून नाकं मुरडली, त्याच्याच भावाला चकाकी देऊन जास्त दराने आपल्यालाच विकलं जातं. दगड मजबूत आहे, त्यात फसवणूक नाही. नाव काय आणि वस्तू काय, एवढं कळावं म्हणून सांगितलं.

फसवणूक होऊ शकते ती कडप्प्याच्या बाबतीत. कडप्पा हाही काळा, पण तो अग्निजन्य नाही. चुनखडीच्या जातीचा गाळाचा दगड आहे. शहाबादी फरशीही त्याच जातीची. लिंबाचा रस सांडून राहिला की पॉलिश उडतं आणि फिकट डाग पडतो. घेताना दुकानदाराला विचारून तुकड्याच्या कोपऱ्यावर दोन थेंब लिंबू पिळून थोडा वेळ ठेवा. डाग पडला तर ग्रॅनाइटचा भाव देऊ नका.

पायऱ्यांना आणि मोरीला गुळगुळीत ग्रॅनाइट नकोच. ओला झाला की म्हातारी माणसं घसरतात. तिथे खडबडीत केलेला दगड किंवा आपला टाकी मारलेला काळा पाषाण बरा. आपल्या आज्यांनी जाती, पाटे-वरवंटे, उखळं याच पाषाणाची वापरली.

रुळांखालच्या खडीचंही तसंच. तिथे चकाकीची किंमत शून्य. 20 ते 65 मिलिमीटरच्या दरम्यानचा, धारदार कोपऱ्यांचा, पाणी न पिणारा आणि दणका सोसणारा दगड लागतो. गाडीचा भार स्लीपरवरून खडीवर आणि खडीवरून जमिनीवर पसरतो. कोपरे एकमेकांत अडकतात म्हणून रूळ जागचा हलत नाही. गोल गोटे असते तर ते सरकले असते. पूर्वीचे गँगमन, आताचे ट्रॅक मेंटेनर, उन्हातान्हात ही खडी ठोकून बसवतात तेव्हा कुठे आपण डब्यात निर्धास्त झोपतो.

लेण्यांचा दगड

या दोन्ही दगडांत आपल्या इतिहासाची पानं कोरलेली आहेत. अजिंठा, वेरूळ, कार्ले, भाजे आणि आपल्याच जिल्ह्यातल्या जुन्नरची लेणी बेसाल्टमध्ये आहेत. लाव्ह्याचे जाड, आडवे थर सापडले म्हणून एवढी प्रशस्त चैत्यगृहं कोरता आली. अजिंठ्यात चित्रं काढण्यापूर्वी खडबडीत कातळावर माती, भुसा, काड्या कालवून लिंपण दिलं आणि वर चुन्याचा हात फिरवला. ज्यांनी घर सारवलं आहे त्यांना ही कृती ओळखीची वाटेल.

आता बिहारमध्ये चला. गयेजवळ बराबर टेकड्यांत सम्राट अशोकाने आजीवक पंथाच्या साधूंना दिलेल्या गुंफा आहेत. त्या ग्रॅनाइटच्या जातीच्या खडकात आहेत आणि इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या आहेत. आतल्या भिंतींना अशी घोटाई केली आहे की सव्वादोन हजार वर्षांनंतरही त्या चकाकतात. स्वतः बुद्धाच्या मार्गाने जाणाऱ्या राजाने दुसऱ्या पंथाला निवारा दिला, हेही त्या दगडावर कोरून ठेवलेलं आहे.

आणि हैदराबादचा हुसेनसागर. तलावाच्या मध्यावर उभी असलेली बुद्धमूर्ती एकसंध ग्रॅनाइटची आहे. मार्च 1990 मध्ये ती तराफ्यावरून नेत असताना तराफा कलंडला, मूर्ती तळाशी गेली आणि त्या दुर्घटनेत माणसंही दगावली. डिसेंबर 1992 मध्ये मूर्ती वर काढून उभी केली. अडीच वर्षांहून जास्त काळ पाण्याखाली राहूनही दगडाला काही झालं नाही. मूर्ती वाचली याचा आनंद करताना त्या दिवशी जे गेले त्यांची आठवणही ठेवली पाहिजे.

छातीतली धूळ

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आमचे कितीतरी बांधव खाणीत, क्रशरवर, फरशीच्या कामावर, ग्रॅनाइट कापायच्या मशीनवर रोजंदारी करतात. त्यांच्यासाठी या दोन दगडांतला फरक जीवनमरणाचा आहे.

ग्रॅनाइटमध्ये गार असते, हे वर सांगितलं. कोरड्या कटरने ग्रॅनाइट कापला की गारेची डोळ्यांना न दिसणारी धूळ फुप्फुसात खोल जाऊन बसते आणि तिथे व्रण पडतात. हा सिलिकोसिस. आधी कोरडा खोकला, मग जिना चढताना धाप, मग बसल्या जागी दम. एकदा झालेली हानी भरून निघत नाही. यात क्षयाचा धोकाही वाढतो आणि पुष्कळदा सिलिकोसिसलाच टीबी समजून औषधं चालू राहतात. बेसाल्टमध्ये गार नसल्यासारखी, म्हणून त्या मानाने हा धोका कमी. पण म्हणून क्रशरची धूळ खावी असा अर्थ काढू नये. कोणतीही बारीक धूळ फुप्फुसाला वाईटच, आणि त्यात दुसरे दगडही मिसळलेले असू शकतात.

उपाय महाग नाहीत. पाणी सोडत सोडतच दगड कापावा. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. नाकावर घट्ट बसणारा एन-95 सारखा मास्क मुकादमाकडून मागून घ्यावा. धुळीचे कपडे घरात झटकू नयेत, लेकरांच्या नाकात जाते. खोकला हटत नसेल तर डॉक्टरांना आपण होऊन सांगावं की ‘मी दगड कापतो, इतकी वर्षं कापतो.’ डॉक्टर विचारतीलच असं नाही. कायद्याने सिलिकोसिसला व्यवसायामुळे होणारा आजार मानलं आहे आणि नुकसानभरपाई मागता येते. पण पुराव्याशिवाय हक्क उभा राहत नाही. ओळखपत्र, हजेरीचा कागद, मजुरीची पावती, एक्स-रे, सगळं एका पिशवीत जपून ठेवा. कारकुनी केलेल्या माणसाचा हा सल्ला हलका समजू नका.

शिरूरच्या रस्त्यावर वाघोलीच्या खाणी आहेत. तिथल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइटचे पांढरे, गुलाबी स्फटिक आणि कॅव्हनसाइट नावाचे निळेशार स्फटिक मिळाले आणि जगभरच्या संग्रहालयांत गेले. त्याच परिसरात दगडखाण मजुरांच्या मुलांसाठी ‘संतुलन’ या संस्थेने पाषाणशाळा चालवल्या. स्फटिकाला काचेचं कपाट मिळालं. तो ज्याच्या सुतकीखाली निघाला त्याच्या पोराला फळा मिळावा, एवढी तरी मागणी रास्त आहे.

सुटीच्या दिवशी मुलांसाठी

एखाद्या रविवारी मुलांना घेऊन शिरूर तालुक्यातल्या टाकळी हाजीला जा. पलीकडच्या काठाला निघोज. मधून कुकडी वाहते आणि तिच्या पात्रात बेसाल्टमध्ये रांजणखळगे पडले आहेत. पाण्याच्या भोवऱ्यात गोटे गरगर फिरून कातळ कोरत गेले. पावसाळ्यात कडेला जाऊ देऊ नका.

भीमेच्या वाळूत कागदात गुंडाळलेलं चुंबक फिरवा. काळे कण चिकटतील. ते बेसाल्टमधून आलेल्या लोहखनिजाचे.

दौंडहून हैदराबादकडे जाणारी गाडी मिळाली तर खिडकी सोडू नका. सोलापूरच्या पुढेपर्यंत काळा मुलूख दिसेल. वाडी-तांडूर भागात थरांची फरशी आणि तिच्या खाणी लागतील. हैदराबाद जवळ आलं की एकावर एक रचून ठेवल्यासारखे ग्रॅनाइटचे प्रचंड गोल धोंडे उभे दिसतील. एका तिकिटात भूशास्त्राची तीन पानं!

आणि पौर्णिमेच्या रात्री मुलांना चंद्र दाखवा. जातककथेतला ससा ज्या काळ्या डागांत दिसतो, ते डाग बेसाल्टचेच आहेत. 1969 साली चंद्रावर उतरलेल्या माणसांनी तिथून आणलेल्या दगडांत बेसाल्ट होता. म्हणजे आपल्या उंबऱ्याचा दगड आणि चंद्रावरचा दगड एका जातीचे.

वस्तीतल्या विहारात एक लाकडी फळी लावावी, अशी आमची सूचना आहे. बेसाल्ट, मांजऱ्या, मुरूम, ग्रॅनाइट, कडप्पा, शहाबादी असे सहा तुकडे मुलांनीच गोळा करावेत आणि खाली चिठ्ठीवर नाव, गाव, तारीख लिहावी. फरशीवाल्याकडे ग्रॅनाइटचे तुकडे फुकट मिळतात. आपल्यातल्या खाणीवरच्या एखाद्या वडीलधाऱ्याला एक दिवस मुलांपुढे बसवा. कोणत्या दगडाला घाव कुठे घालायचा, हे त्याला जितकं ठाऊक आहे तितकं आमच्या या लेखातही आलेलं नाही.